आठवणीच्या झाडाचे पहिले तीन उन्हाळे

सावडायच्या दिवशी सकाळी भाऊबंद स्मशानात जमतात. राखेवर पाणी शिंपडलं जातं, अस्थी वेचून वेगळ्या ठेवल्या जातात आणि उरलेली राख पोत्यात भरून नदीच्या पाण्यात सोडली जाते. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलं. पण सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, नगर या पट्ट्यातल्या बऱ्याच गावांत गेल्या काही वर्षांत या सकाळचा शेवट बदलला आहे. पोतं नदीकडे न जाता शेताच्या बांधाकडे जातं. तिथे आदल्या दिवशी खड्डा खणून ठेवलेला असतो. एकेक जण पुढे होऊन मूठभर रक्षा खड्ड्यात सोडतो, घरातला नातू किंवा थोरली सून रोप धरते, बाकीचे माती लोटतात आणि वर कळशीभर पाणी घातलं जातं. काही ग्रामपंचायतींनी तसे ठरावही केले आहेत.

नदीत राख, हारफुलं आणि प्लॅस्टिक जाऊ नये, हा त्यामागचा पहिला हेतू. लोकांच्या मनाला मात्र त्यात आणखी एक गोष्ट मिळाली. दहन करणाऱ्या घरांना कबरीसारखी जाऊन बसायची जागा नसते. नदीत सोडलेली राख कुठे गेली, हे कोणी सांगू शकत नाही. बांधावरच्या आंब्याला मात्र पत्ता असतो. ऊस तोडायला आलेला मुलगा घटकाभर त्याच्या सावलीत टेकतो, माहेरी आलेली लेक त्याच्या बुंध्याला हात लावून येते.

राज्य सरकारनेही हा धागा उचलला. २०१६ साली दोन कोटी झाडांपासून सुरू होऊन २०१९ मध्ये ३३ कोटींच्या उद्दिष्टापर्यंत गेलेल्या वृक्षलागवड मोहिमेच्या काळात जन्माला आलेल्या बाळासाठी, लग्नासाठी, नोकरी लागल्याबद्दल आणि गेलेल्या माणसासाठी झाड लावण्याची कल्पना मांडली गेली. शेवटच्या प्रकाराला नाव मिळालं ‘स्मृतिवृक्ष’.

पण कोटींच्या आकड्यांत एका झाडाचं काय होतं ते दिसत नाही. महाराष्ट्रात पाऊस चार महिने पडतो आणि उरलेले आठ महिने जमीन हळूहळू सुकत जाते. जूनमध्ये लावलेलं रोप दिवाळीपर्यंत आपसूक तग धरतं. खरी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, आणि ती एकदा पास होऊन भागत नाही. मुळं खालच्या ओलाव्यापर्यंत पोचायला साधारण तीन वर्षं लागतात. लावण्याच्या सकाळी पन्नास माणसं असतात. पहिल्या एप्रिलमध्ये पाणी घालायला एकच असतो, आणि दुसऱ्या एप्रिलमध्ये बहुधा तोही नसतो. दिवंगत माणसाच्या नावाने बाग किंवा झाड उभं करायचं असेल, तर विचार इथून सुरू व्हायला हवा.



झाड आणि समाधी यांची जोडी महाराष्ट्राला नवी नाही. आळंदीला ज्ञानेश्वरांच्या समाधीजवळ अजानवृक्ष आहे. दातरंग या नावानेही ओळखला जाणारा हा मध्यम उंचीचा देशी वृक्ष. बारीक पांढऱ्या फुलांचे घोस येतात आणि सावली छान पडते. त्या सावलीत आजही ज्ञानेश्वरीची पारायणं चालतात. १२९६ साली ज्ञानदेवांनी समाधी घेतली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी एकनाथांना स्वप्नात दृष्टांत झाला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे: अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ आळंदीला आले, त्यांनी समाधीची जागा शोधली, मुळी बाजूला केली आणि विस्मृतीत गेलेलं ते स्थान पुन्हा लोकांसमोर आलं. ही कथा भक्तीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशीच आहे. तरी बाग करणाऱ्याने ती जरा वेगळ्या कानानेही ऐकावी. झाड लावून निघून गेलं, की मुळं आपल्या वाटेने जातात. कुणीतरी परत यावं लागतं.

देहूला तुकाराम महाराजांच्या नावाशी जोडलेली नांदुरकी आहे. तुकाराम बीजेला, फाल्गुन वद्य द्वितीयेच्या दुपारी, हजारो वारकरी तिच्याकडे डोळे लावून उभे असतात. सह्याद्रीतल्या देवराया तर त्याहून जुन्या. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात या राखून ठेवलेल्या वनांचा अभ्यास करून त्यांचं महत्त्व अभ्यासकांपुढे आणलं. देवाच्या नावाने फांदीलाही हात लावायचा नाही, हा देवरायांचा नियम. काही देवरायांत लढाईत पडलेल्यांचे वीरगळ झाडांच्या बुंध्यांशी उभे आहेत. दगडावरची शिल्पं झिजली, कोणाचा वीरगळ ते गावालाही आठवत नाही, पण भोवतीचं रान उभं आहे.

आपल्या पंचांगातही एक सोय आहे, जिचा उपयोग झाडासाठी फारसा कोणी करत नाही. पितरांची आठवण काढायचे दोन मोठे प्रसंग वर्षात येतात. एक अक्षय्य तृतीया, म्हणजे एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत, ऐन उन्हाळ्यात. त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला घट द्यायची रीत आहे. खानदेशात हीच आखाजी. घरोघरी नवी घागर भरून पुजली जाते, तिच्यावर डांगर ठेवतात, पुरणपोळीचा नैवेद्य होतो. दुसरा प्रसंग भाद्रपदातला पितृपक्ष, पाऊस ओसरत असतानाचा. आता झाडाच्या बाजूने पाहा. रोपाला पाण्याची सगळ्यात जास्त गरज आखाजीच्या सुमाराला असते. आळ्यातलं तण काढून, माती भुसभुशीत करून, पुढच्या आठ महिन्यांसाठी पालापाचोळ्याचं आच्छादन घालायची वेळ बरोबर पितृपक्षात येते. पूर्वजांना पाणी द्यायचा दिवस आणि झाडाला पाणी लागण्याचे दिवस एकच असतील, तर वेगळं वेळापत्रक लिहून भिंतीवर लावायची गरज नाही. ज्या घरांनी ही सांगड घालून घेतली, त्यांना झाडाची आठवण कोणी करून द्यावी लागणार नाही.



कोणतं झाड लावायचं, याचं उत्तर बहुतेक वेळा नर्सरीत जे हाताला लागेल त्यावर ठरतं. तिथे थोडं थांबावं.

गुलमोहर देखणा, झपाट्याने वाढणारा, पण मूळचा मादागास्करचा. त्याचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ असतात, वळवाच्या वाऱ्यात तो आडवा होतो. सुबाभूळ कुठेही येतं आणि मग दुसरं काही येऊ देत नाही. शहरांत हिरव्या भिंतीसाठी सर्रास लावला गेलेला कोनोकार्पस इतका त्रासदायक ठरला की गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. शंभर वर्षांची सोबत हवी असेल तर आपल्या मातीतली नावं पुरेशी आहेत: आंबा, जांभूळ, चिंच, कडुनिंब, करंज, अर्जुन, मोह, कुसुंब. मोकळी, सार्वजनिक आणि प्रशस्त जागा असेल तर वड, पिंपळ, उंबर. मात्र हे तिघे घराजवळ नकोत. भिंतीपासून निदान चाळीस फूट अंतर हवं, नाहीतर वीस वर्षांनी ज्या मुलाने प्रेमाने लावलं त्याच्याच मुलावर ते तोडायची पाळी येते.

लहान अंगणासाठी बकुळ फार चांगली. वाढ सावकाश, पण पानांचा घुमट दाट, आणि फुलं सुकली तरी वास टिकतो. वहीत, देव्हाऱ्यात, कपाटात ठेवलेली बकुळ महिनोन्‌महिने वास देते. आठवणीसाठी झाड शोधणाऱ्याला आणखी काय हवं. सोनचाफा घेताना कलम आहे ना, हे विचारून घ्यावं. बियांपासून वाढवलेला सोनचाफा फुलायला बरीच वर्षं घेतो, कलम वर्षा-दोन वर्षांत फुलतं. ज्या आजोबांनी आजीच्या नावाने तो लावला त्यांना ते फूल पाहायला मिळणं महत्त्वाचं आहे. पारिजातक लवकर फुलतो आणि श्रावणापासून पहाटे सडा घालतो, पण त्याचं आयुष्य वडा-आंब्यासारखं लांब नाही, हे माहीत असलेलं बरं. बहावा आणि ताम्हण उन्हाळ्यात फुलतात. ताम्हण हे तर महाराष्ट्राचं राज्यफूल, फिक्या जांभळ्या घोसांनी मे महिन्यात झाड झाकून टाकणारं.

आणि शक्य असेल तर ज्याच्या नावाने लावायचं त्यालाच विचारावं. अभिनेते सयाजी शिंदे यांनी आईच्या हयातीतच तिची बीजतुला केली. तराजूच्या एका पारड्यात आई, दुसऱ्यात देशी झाडांच्या बिया, आणि त्या बियांची झाडं करायची हा संकल्प. त्यांच्या सह्याद्री देवराई या कामाने पुढे राज्यभर झाडं लावली, रस्तारुंदीत जाणारे जुने वड उचलून दुसरीकडे रुजवले. प्रत्येकाला एवढा पसारा मांडता येणार नाही. पण ‘आई, तुझ्या नावाने कोणतं झाड लावू?’ असं विचारायला काही लागत नाही. आजारी माणसाशी मृत्यूबद्दल बोलणं आपल्याकडे अशुभ मानतात. झाडाबद्दल बोलणं मानत नाहीत.



आता राखेचा प्रश्न. रक्षा हे उत्तम खत आहे, असं गावोगावी सांगितलं जातं. यात अर्धंच सत्य आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे अनेक रोपं मरतात.

जळताना शरीरातला आणि लाकडातला नत्र उडून जातो. हाडांची जी राख उरते ती मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. तिच्यात सोडियमचे क्षारही असतात. लाकडाच्या राखेत चुना आणि पालाश. दोन्हींचं मिश्रण अतिशय अल्कधर्मी असतं, सामू ११च्याही वर जाऊ शकतो. रोपाच्या कोवळ्या मुळांना हे सोसत नाही. त्यातही देश, मराठवाडा आणि विदर्भातली काळी माती मुळातच अल्कधर्मी आहे, तिचा सामू साधारण साडेसात ते साडेआठ. अशा मातीत आणखी राख ओतली की लोह, जस्त यांसारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं मातीत असूनही मुळांना मिळेनाशी होतात. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि घरच्यांना वाटतं, पाणी कमी पडलं. मग ते आणखी पाणी घालतात. कोकणातली जांभ्याची माती आम्ल असल्यामुळे तिथे थोडी राख उलट उपकारक ठरते. तोच विधी, तेवढीच राख, आणि सह्याद्रीच्या दोन बाजूंना दोन वेगळे परिणाम.

उपाय सोपा आहे. चितेची सगळी राख एका खड्ड्यात रिचवायची नाही. प्रत्येकाच्या बोटांच्या चिमटीत मावेल एवढीच, मिळून दोन-तीन मुठी रक्षा खड्ड्यासाठी घ्यायची, ती भरपूर शेणखत आणि मातीत कालवून तळाशी पसरायची, वर वीतभर साध्या मातीचा थर द्यायचा आणि मग रोप ठेवायचं. उरलेली राख मोठ्या शेतात पातळ पसरता येते किंवा आधीपासून उभ्या असलेल्या मोठ्या झाडांच्या आळ्यांत थोडी थोडी वाटता येते. अनेक घरांत त्या माणसाने स्वतः लावलेली झाडं असतातच. त्यांच्या बुंध्याशी चिमूटभर रक्षा पोचणं, यात कुठल्याच विधीचा उणेपणा नाही.

खड्ड्याचंही तसंच. निधन केव्हा व्हावं हे कोणाच्या हातात नाही, पण लागवड केव्हा करावी हे आहे. जानेवारीत गेलेल्या माणसासाठी तिसऱ्या दिवशी, कोरड्या जमिनीत, घाईने लावलेलं रोप जगवणं कठीण. त्या वेळी रक्षा मडक्यात जपून ठेवावी. मे महिन्यात दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घेऊन उन्हात तापू द्यावा, म्हणजे मातीतली कीड मरते. शेणखत, निंबोळी पेंड आणि वरची सुपीक माती भरावी. पहिला दमदार पाऊस झाला की लावावं. रोप वीतभर न घेता पाच-सहा फुटी, जाड बुंध्याचं घ्यावं. चार पैसे जास्त पडतात, पण शेळ्यांच्या तोंडातून ते सुटतं. आणि पिशवी काढावी! हे सांगावं लागू नये, पण कार्यक्रमाच्या गर्दीत काळ्या पिशवीसकट पुरलेली रोपं जागोजाग सापडतात. पिशवीत गोल फिरलेली मुळं हलक्या हाताने सोडवून बाहेरच्या दिशेला पसरावीत.

मग येतात ते तीन उन्हाळे. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, दर वेळी बादलीभर पाणी. शेतावर रोज जाणं होत नसेल तर बुंध्यापासून हातभर अंतरावर कोरं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरावं आणि चार-पाच दिवसांनी भरत राहावं. मडकं झिरपतं, मुळं ओलाव्याकडे जातात आणि थेंबही वाया जात नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, तिसऱ्यात पंधरा दिवसांतून एकदा. पाण्यापेक्षाही आच्छादन महत्त्वाचं: उसाचं पाचट, भाताचा पेंढा, वाळलेला पाला, जे असेल ते चार बोटं जाड. मात्र ते बुंध्याला चिकटवू नये, वाळवी लागते. लोखंडी जाळी लावली असेल तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती सोडवायला विसरू नये. शहरांच्या रस्त्यांवर जाळीचे गज खोडात रुतून बसलेली झाडं दिसतात. ज्या जाळीने वाचवलं तीच पुढे गळा आवळते.



राजस्थानातल्या राजसमंद जिल्ह्यातलं पिपलांत्री हे गाव संगमरवराच्या खाणींच्या पट्ट्यात आहे. खोदकामाने डोंगर पोखरले गेले, पाणी खोल गेलं. गावचे तेव्हाचे सरपंच श्यामसुंदर पालीवाल यांची तरुण मुलगी किरण वारली. त्यांनी तिच्या नावाने कदंबाचं झाड लावलं, आणि त्या दुःखातून गावाने एक नियम धरला: गावात मुलगी जन्मली की १११ झाडं लावायची. आईबापांकडून आणि गावाकडून पैसे गोळा करून मुलीच्या नावाने ठेव ठेवायची, तिचं शिक्षण करायचं आणि अठरा वर्षांआधी लग्न करायचं नाही, असं लिहून घ्यायचं. गावात कोणी गेलं तर ११ झाडं. वाळवीपासून रोपं वाचावीत म्हणून भोवती कोरफड लावली आणि पुढे त्या कोरफडीवर बायकांचा उद्योग उभा राहिला. पालीवाल यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पिपलांत्रीत झाडं जगली, कारण त्यांच्यामागे जिवंत मुली होत्या. झाडाचं आणि मुलीचं वय बरोबर वाढतं. रक्षाबंधनाला मुली झाडांना राख्या बांधतात. मृत्यूने सुरू झालेली गोष्ट जन्माशी जोडली गेल्यामुळे तिला दरवर्षी नवे राखणदार मिळत राहिले.

भूजचं स्मृतिवन वेगळ्या मापाचं. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी पावणेनऊच्या सुमाराला भूकंपाने कच्छ हादरला. शाळांची मुलं प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत होती. जवळपास १३,००० माणसं गेली. त्यांच्या स्मरणार्थ शहराला लागून असलेल्या भुजियो डोंगरावर सुमारे ४७० एकरांत स्मृतिवन उभं राहिलं. ऑगस्ट २०२२ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. वास्तुविशारद राजीव कठपालिया यांच्यासमोरची पहिली अडचण स्मारकाची नव्हती, पाण्याची होती. कच्छमध्ये वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा, आणि डोंगर उघडा खडक. म्हणून डोंगराच्या ओघळींवर बंधारे घातले, पावसाचं पाणी अडवलं, ते खडकात मुरू दिलं आणि त्या ओलाव्यावर झाडी वाढवली. गेलेल्यांची नावं याच बंधाऱ्यांच्या भिंतींवर कोरली आहेत. एखाद्या आईला मुलाचं नाव शोधायचं असेल तर ती पाण्याच्या कडेला येते. स्मारक आणि झाडाला पाणी देणारी व्यवस्था एकच करणं, हा या जागेचा सगळ्यात मोठा गुण आहे. भारतात दगडी स्तंभ पुष्कळ आहेत. देखभालीचाच विचार करून घडवलेलं स्मारक विरळा.

तिसरं उदाहरण फार दूरचं, सॅन फ्रान्सिस्कोचं. १९८०च्या दशकात एड्सने त्या शहरातली तरुण माणसं ओळीने नेली. अनेकांच्या घरच्यांनी त्यांना आधीच दूर केलं होतं, मित्रांना अंत्यविधीतही जागा नव्हती. १९८८ मध्ये काही शहरवासीयांनी ठरवलं की शोक करायला एक बाग हवी. गोल्डन गेट पार्कमधली एक खोलगट जागा तेव्हा झाडझाडोऱ्याने माजलेली, दुर्लक्षित पडून होती. सप्टेंबर १९९१ मध्ये लोक फावडी, कोयते घेऊन तिथे उतरले. ठरावीक शनिवारी जमायचं, काटेरी वेली उपटायच्या, कचरा वाहायचा, रोपं लावायची. काही जण स्वतः आजारी होते. पुढच्या वर्षी त्यांच्याच नावाने इतरांनी तिथे खणलं. १९९६ मध्ये अमेरिकी सरकारने या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. आता दहा एकरांत उंच रेडवुड, नेचे आणि एका गोल चौथऱ्यावर कोरलेली नावं आहेत, आणि स्वयंसेवकांचे श्रमदानाचे दिवस अजून चालू आहेत. तिथे शोक करण्याची रीतच खुरपं धरण्याची आहे. आपल्याकडच्या गावांना श्रमदान शिकवायची गरज नाही. वर्षश्राद्धाच्या जेवणाआधी तासभर सगळ्यांनी झाडाभोवती खुरपणी करावी, एवढीच भर त्यात घालता येईल.



घराला अंगण नाही, शेत नाही, गाव सुटलेलं, अशी माणसं आता पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी बाग म्हणजे गॅलरीतल्या पाच-सात कुंड्या. स्मारक म्हणून त्या कमी पडतात असं मानायचं कारण नाही, फक्त तिथे झाडाऐवजी वंश जपायचा असतो.

कोकणातल्या किंवा देशावरच्या प्रत्येक जुन्या घरामागे आजीची म्हणून एक बाग असते. बाजारात न मिळणारा गावठी गुलाब, वेणीसाठी अबोली, कोरांटी, अनंत, रात्री दरवळणारा मोगरा, चहात टाकायला गवती चहा, पोट दुखलं तर ओव्याची पानं. आजी गेली, घर बंद झालं, की दोन उन्हाळ्यांत हे सगळं सुकतं. घर विकायच्या कागदांवर सह्या करताना हंडे, पाट, फोटो वाटून घेतले जातात. झाडांची वाटणी कोणी करत नाही. ती करावी. पावसाळ्याच्या तोंडाला मोगऱ्याची पेन्सिलीएवढी, तीन-चार डोळ्यांची पक्व काडी तिरपी कापून ओलसर वाळूमिश्रित मातीत खोचली, सावलीत ठेवली, की महिना-दीड महिन्यात मुळं धरते. अबोलीचं बी वाळल्या बोंडांतून गोळा करता येतं. गवती चहाचा एक ठोंब फोडून चार घरांत जातो. अशी काडी पुण्याच्या गॅलरीत फुलली तर ते फूल आजीच्याच मोगऱ्याचं असतं, दुसऱ्या कुठल्या मोगऱ्याचं नव्हे. पैशाने विकत मिळणार नाही असं हे एकमेव स्मारक असावं.

कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबू लावलं तर आणखी एक पाहुणा येतो. या कुळातल्या झाडांवर फुलपाखरं अंडी घालतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं ब्लू मॉर्मॉन, म्हणजे राणी पाकोळी, लिंबावर येतं. कढीपत्त्यावर त्याचं भावंड कॉमन मॉर्मॉन हमखास. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पानं कुरतडायला लागली की फवारणीचा मोह होतो. तो आवरावा. तेरा-चौदा पानं गेली तर झाड मरत नाही.

कधीकधी सगळं करूनही झाड जातं. वणवा लागतो, म्हैस मोडते, रस्ता रुंद होतो. ज्या घराने वडिलांच्या नावाने लावलेलं झाड गमावलं, त्यांना माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटतं, आणि ते दुःख हसण्यावारी नेण्यासारखं नाही. म्हणून एकच झाड न लावता एकाच जातीची तीन लावावीत, एखादं बांधावर, एखादं देवळाजवळ, एखादं शाळेत. केनियाच्या वांगारी माथाई यांनी ५ जून १९७७ रोजी नैरोबीच्या कामुकुंजी मैदानात सात झाडं लावली, देशातल्या वेगवेगळ्या समाजांच्या जुन्या पुढाऱ्यांच्या स्मरणार्थ. त्यांतली दोनच जगली. पुढे त्यांच्या ग्रीन बेल्ट चळवळीने कोट्यवधी झाडं लावली आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, पण सुरुवात ही अशी होती.

नावाच्या पाटीबद्दल एक विनंती: खिळा ठोकू नये. खिळ्याने साल फाटते, बुरशी आत शिरते. पाटी हवीच असेल तर जमिनीत दगड रोवून त्यावर लावावी.

शहरात सोसायटीच्या आवारात लावणाऱ्यांनी आधी कमिटीची लेखी संमती घ्यावी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ पासून आहे. त्यानुसार शहरातलं झाड, खासगी जागेतलं असलं तरी, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्त संरक्षण मिळालं. तरीही पुनर्विकासात झाडं जातात, हे मुंबई-पुण्यातल्या कोणालाही माहीत आहे. इमारत पाडायचं ठरलं की प्लॅन मंजूर व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. तेवढ्यात एक पावसाळा हमखास मिळतो. जास्वंद, डाळिंब, चिकू, पेरू यांसारख्या झाडांवर गुटी कलम बांधता येतं: बोटाएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ लावून प्लॅस्टिकने घट्ट बांधायचं, दीड-दोन महिन्यांत मुळं दिसली की खालून कापून पिशवीत लावायचं. आंब्याची फांदी कोय कलमासाठी नर्सरीवाल्याकडे नेता येते. बकुळीच्या बिया गोळा करून रुजवता येतात. एका झाडाची पाच-सहा रोपं तयार झाली, की भावंडांनी ती आपापल्या दारी न्यावीत, एखादं गावाकडच्या बांधावर लावावं, आणि नव्या इमारतीच्या आवारात बागेचा आराखडा ठरत असताना एकासाठी जागा राखून ठेवायला बिल्डरला करारातच सांगावं.